पाऊस पुण्याहून जास्त, तरीही दुष्काळ : समशीतोष्ण प्रदेशात पीक नेमके कशाने जाते?

मुठाकाठ

२०१२ च्या जून ते सप्टेंबर या काळात मी मुलीकडे अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शँपेन येथे राहिलो होतो. गावाबाहेर पडले की दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत मका आणि सोयाबीन. त्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यातच मक्याची पाने सकाळी दहा वाजल्यापासून सुरळीसारखी वळत आणि सूर्य कलल्यावर पुन्हा उलगडत. काही दिवसांनी ती संध्याकाळीही उलगडेनाशी झाली. ऑगस्टमध्ये शेजारच्या एका शेतकऱ्याने कणीस सोलून माझ्या हातात दिले, तेव्हा त्यावर इकडे चार, तिकडे सहा असे दाणे होते. बाकीचे सारे कणीस बोळके होते. तो काही बोलला नाही, मलाही काही बोलता आले नाही.

नंतर आकडे पाहिले. २०११ मध्ये इलिनॉयची मक्याची सरासरी एकरी १५७ बुशेल होती, ती २०१२ मध्ये १०५ वर आली. मक्याचे एक बुशेल म्हणजे सुमारे २५.४ किलो, म्हणजे एकरी ४० क्विंटलवरून २७ क्विंटलच्याही किंचित खाली. शेजारच्या इंडियानात १४६ वरून ९९. एवढी घसरण अशा प्रदेशात झाली, जिथे वर्षाकाठी सरासरी १००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तोही बाराही महिने विभागून. आपल्या पुण्याची सरासरी सुमारे ७२० मिलिमीटर आहे आणि तीही बहुतेक चार महिन्यांतच पडते.

माझा प्रश्न असा, की आपल्याहून अधिक पाऊस मिळणाऱ्या, थंड हवामानाच्या, अतिशय सुपीक प्रदेशात एका उन्हाळ्यात पिकाचा तिसरा हिस्सा जातो, तो नेमका कोणत्या मार्गाने? शेतीशी संबंध असलेल्या जाणकारांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती.

काळीमाती

मी मका पैदास विभागात बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून या प्रश्नाच्या गाभ्याबद्दल लिहितो.

मक्याचा तुरा, म्हणजे पराग देणारा नर फुलोरा, झाडाच्या शेंड्यावर येतो आणि कणीस खाली, खोडाच्या मध्यावर. कणसातील प्रत्येक भावी दाण्याला एक केस जोडलेला असतो आणि त्या केसावर पराग पडला तरच तो दाणा धरतो. केस वाढतो तो पेशींत पाणी भरून. पाणी कमी पडले की तुरा साधारण वेळेवर येतो, पराग झडू लागतो. पण केस मात्र काही दिवस उशिरा बाहेर पडतात. ते बाहेर येईपर्यंत पराग संपलेला असतो. तुमच्या हातात दिलेले बोळके कणीस ही त्या चुकलेल्या भेटीची खूण होती. शिवाय कणसाच्या टोकाकडचे केस सर्वांत शेवटी निघतात, त्यामुळे सौम्य ताणातही टोक रिकामे राहते. ज्या दाण्यांत फलधारणा झाली, त्यांपैकीही काही पुढच्या दहा-पंधरा दिवसांत अन्नाअभावी गळून जातात.

याच काळात पिकाची पाण्याची भूक सर्वाधिक असते. केस येण्याच्या सुमारास भरात असलेला मका एका दिवसात सुमारे ८ मिलिमीटर पाणी ओढतो. तिकडच्या कृषी विस्तार सेवेचा आडाखा असा आहे, की या अवस्थेत तीव्र ताणाचा एकेक दिवस उत्पादनाचे ३ ते ९ टक्के नुकसान करतो. हाच ताण पीक गुडघ्याएवढे असताना आला असता, तर झाड थोडे बुटके राहिले असते आणि पुढे पाऊस मिळताच बरेचसे सावरले असते.

२०१२ चे दुर्दैव असे, की मार्च महिना विलक्षण उबदार गेला, म्हणून पेरण्या लवकर झाल्या आणि सर्वांना वर्ष चांगले वाटत होते. मे महिन्यात अमेरिकेच्या कृषी खात्याने देशाची सरासरी १६६ बुशेल धरली होती. प्रत्यक्षात जून कोरडा गेला आणि लवकर पेरलेला मका जुलैच्या ऐन कडाक्यात तुऱ्यावर आला. देशाची सरासरी १२३ च्या आसपास राहिली. तेव्हा वर्षाचा पाऊस किती, या प्रश्नाआधी तो कोणत्या पंधरवड्यात पडला नाही, हे विचारावे लागते.

पर्जन्यमापक

काळीमाती यांनी वेळेचा मुद्दा मांडला, त्याला हवेच्या तहानेची जोड द्यायला हवी. जुलै २०१२ हा अमेरिकेच्या (अलास्का आणि हवाई सोडून) सलग ४८ राज्यांतला, तोपर्यंतच्या नोंदींतील, सर्वांत उष्ण महिना ठरला. हवा तापली आणि कोरडी असली की पानातून पाणी अधिक वेगाने उडते. ते वाचवण्यासाठी झाड पर्णरंध्रे, म्हणजे पानांवरची सूक्ष्म छिद्रे, मिटते. पण रंध्रे मिटली की कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही आणि अन्न तयार होणे मंदावते. पाने सुरळी होणे हाही उन्हाला सामोरा जाणारा पृष्ठभाग कमी करण्याचाच उपाय आहे. झाड जगते, पण दाण्याच्या हिशेबात ती उपासमारच असते.

वोल्फ्राम श्लेंकर आणि मायकेल रॉबर्ट्स यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील मक्याचे उत्पादन सुमारे २९ अंश सेल्सिअसपर्यंत वाढत जाते आणि त्यापुढे झपाट्याने घसरते, असे दिसले. सोयाबीनसाठी हा आकडा ३० अंश होता.

पुण्यात राहून हा विषय बोलताना एक अभिमानाची नोंद करावीशी वाटते. हवामान आणि पीक यांचा एकत्रित अभ्यास करणारा भारतीय हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग १९३२ मध्ये याच शहरात, एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. पिकाच्या उंचीवरची हवा आणि वेधशाळेतील हवा यांत किती फरक असतो, हे त्यांनी येथील शेतांत मोजले होते.

शिरूरचा शेतकरी

सर्वांचे लिखाण वाचले. माहिती मोलाची आहे, पण एक गोष्ट मनाला लागली म्हणून लिहितो.

मुठाकाठ काका, तुम्ही दिलेला दुष्काळातला आकडा एकरी २७ क्विंटल आहे. आमच्याकडे खरिपाच्या मक्याला, विहिरीचे पाणी देऊन, एवढे उत्पादन आले तर आम्ही त्याला चांगले वर्ष म्हणतो. त्याच २०१२ मध्ये आपल्याकडेही पाऊस गेला होता. जालन्याकडे मोसंबीच्या बागा वाळल्या, लोकांनी वर्षानुवर्षे वाढवलेली झाडे तोडून सरपणाला घातली. माझ्या आत्याच्या गावी पुढच्या उन्हाळ्यात जनावरे चारा छावणीत होती आणि घरातील एक माणूस रोज टँकरच्या वाटेवर बसून असे. माझी आई १९७२ ची आठवण सांगते : खडी फोडायला जायचे, दुपारी पोरांना सुकडी आणि रात्री रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल मिलो ज्वारीची भाकरी. पीक जाणे आणि पिण्याचे पाणी जाणे या दोन्हींना एकच शब्द वापरला, तर दुसऱ्या संकटाचे वजन कमी होते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मुठाकाठ

शिरूरकर, तुमचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे आणि ते लिहिल्याबद्दल आभार. १९७२ मध्ये मी लहान होतो, तरी पुणे स्टेशनवर कुटुंबेच्या कुटुंबे उतरताना पाहिलेली आहेत. त्या दुःखाशी तुलना करण्याचा हेतू नव्हता. मात्र त्या शेतकऱ्याचा खर्चही ४० क्विंटलचा हिशेब धरूनच झालेला होता : जमिनीचा खंड, बियाणे, नत्र, यंत्रांचे हप्ते. तो कसा तरला, हे मला अजून नीट माहीत नाही.

दप्तर

तो बहुधा विम्यावर तरला असेल. २०१२ च्या हंगामासाठी अमेरिकेत पीक विम्याची भरपाई सुमारे १७ अब्ज डॉलर इतकी झाली. तिथल्या प्रचलित पद्धतीत शेतकऱ्याच्या स्वतःच्या जमिनीचा मागील अनेक वर्षांचा उत्पादनाचा इतिहास धरला जातो आणि अनेक विमे उत्पन्नाचे, म्हणजे उत्पादन गुणिले भाव अशा स्वरूपाचे असतात. दुष्काळात भाव चढले, तर चढलेल्या भावाने भरपाई मिळण्याची सोयही त्यांत असते.

आपल्याकडची पद्धत वेगळी आहे आणि तिचे मूळही पुण्यातच आहे. गोखले संस्थेतील अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी १९७० च्या दशकात असा विचार मांडला, की लहान लहान तुकड्यांच्या देशात प्रत्येक शेताचा विमा शक्य नाही. एकसारख्या परिस्थितीचे क्षेत्र हेच एकक धरावे, त्यात पीक कापणी प्रयोग करावेत आणि सरासरी घटली तर त्या क्षेत्रातील सर्वांना भरपाई द्यावी. विचार अत्यंत व्यवहार्य होता. अडचण येते ती 'एकसारखी परिस्थिती' या अटीपाशी. माझ्या मामांच्या महसूल मंडळात एके वर्षी ओढ्याच्या अलीकडे दोन चांगले पाऊस झाले, पलीकडे थेंब नाही. मंडळाची सरासरी बरी निघाली आणि पलीकडच्यांना काहीच मिळाले नाही. मामांनी दोन वर्षे अर्ज केले. कागद कुठे अडकला ते कोणी सांगितले नाही. त्यांना बाजरीपेक्षा त्या मौनाचे दुःख अधिक होते.

अंडी_आणि_हिशेब

माझा कुक्कुटपालनाचा व्यवसाय आहे. २०१२ च्या त्या उन्हाळ्यात अमेरिकेतला मका बुशेलला ८ डॉलरच्या पुढे गेला, सोयाबीनही तेजीत आले आणि इथे आम्हाला सोयापेंडेच्या प्रत्येक खेपेला नवा भाव ऐकावा लागला. आमच्या भागातील दोन लहान शेडवाल्यांनी त्या वर्षी पक्षी भरलेच नाहीत. इलिनॉयमधील पराग आणि केस यांची चुकामूक आमच्या खाद्याच्या बिलात येऊन उतरली, हे मला आज हा धागा वाचताना प्रथमच उमगले.

दुसरा मुद्दा प्रतीचा. उष्ण आणि कोरड्या हंगामात कणसावर ॲस्परजिलस बुरशी वाढते आणि दाण्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. त्या वर्षी तिकडेही हा प्रश्न उभा राहिला होता. एकरी क्विंटलच्या आकड्यात हा तोटा दिसत नाही, पण असा मका पक्ष्यांना घालता येत नाही.

मृद्गंध

सोयाबीनबद्दल कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहिते. त्याच शेतांच्या शेजारी, त्याच आकाशाखाली उभे असलेले सोयाबीन मक्याइतके पडले नाही. देशाची सरासरी २०११ मध्ये एकरी सुमारे ४२ बुशेल होती, ती २०१२ मध्ये ४० च्या आसपास राहिली. मका एकदाच, थोड्या दिवसांत फुलतो. सोयाबीन अनेक आठवडे फुले धरत राहते. जुलैतली फुले गळाली तरी ऑगस्टमधल्या फुलांना संधी असते. त्यातच ऑगस्टअखेर आयझॅक चक्रीवादळाचे अवशेष अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागाकडे सरकले आणि शेंगा भरण्याच्या वेळी पाऊस मिळाला. मक्याला त्या पावसाचा उपयोग नव्हता.

काळीमाती यांचे म्हणणे पटतेच, पण वेळेइतकाच जमिनीचा विचार हवा. मध्य इलिनॉयची काळी जमीन वाऱ्याने वाहून आलेल्या बारीक पोयट्यावर, गवताळ कुरणांखाली हजारो वर्षांत तयार झालेली आहे. तिच्या प्रत्येक फुटात पिकाला घेता येईल असे सुमारे ५० मिलिमीटर पाणी मावते आणि मक्याची मुळे पाच फुटांपर्यंत जातात. हिवाळा-वसंतात ती भरली, तर पिकाच्या नावावर जवळपास २५० मिलिमीटरची ठेव असते. दुष्काळी वर्षातही २७ क्विंटल मिळाले, त्यात या ठेवीचा मोठा वाटा आहे. ज्या शेतांत वरच्या दोन फुटांखाली वाळू किंवा खडे होते, तिथली पिके आधी गेली.

हे आपल्याला अनोळखी नाही. मंगळवेढ्याची रब्बी ज्वारी पेरणीनंतर जवळजवळ पावसाविना, केवळ खोल काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दवावर येते.

एल्बेकाठचा_पुणेकर

मी मूळचा सदाशिव पेठेतला, आता बारा वर्षे जर्मनीत, एल्बे नदीकाठच्या ड्रेस्डेनला आहे. अमेरिकेचे उदाहरण झाले, तर युरोपचेही व्हावे, म्हणून २०१८ चा अनुभव लिहितो.

इथला मुख्य गहू ऑक्टोबरच्या सुमारास पेरतात, तो थंडीत बर्फाखाली निजतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये कापणीला येतो. २०१८ मध्ये एप्रिलपासूनच आकाश कोरडे झाले. गव्हाचा तोटा मक्यासारखा एका फटक्यात होत नाही. तो हप्त्याहप्त्याने होतो. आधी फुटवे मरतात, म्हणजे ओंब्या कमी होतात. मग फुलोऱ्याच्या आधीच्या ताणाने ओंबीतले दाणे कमी होतात. शेवटी दाणा भरण्याचे दिवस उष्णतेने आखडतात आणि दाणा चिमटतो. आमच्या उपनगराबाहेरच्या हलक्या, वाळूसर जमिनींत पीक घोट्यापेक्षा थोडे वर असतानाच पिवळे पडलेले मी पाहिले. जर्मनीचे धान्योत्पादन त्या वर्षी नेहमीच्या साडेचार कोटी टनांच्या आसपासच्या पातळीवरून पावणेचार-चार कोटी टनांच्या दरम्यान आले.

खरी वेळ आली ती दुभत्या जनावरांवर. गवताची पहिली कापणी बरी झाली, पुढच्या कापण्या झाल्याच नाहीत. लोकांनी मका दाणे धरण्याची वाट न पाहता कापून मूरघास (आंबवून टिकवलेला हिरवा चारा) केला आणि तरीही काहींना गाई विकाव्या लागल्या. पुढे केंद्र आणि राज्यांनी मिळून शेतकऱ्यांना मदत दिली.

त्या ऑगस्टमध्ये मी सीमेपलीकडे, चेक देशातील देचीन येथे एल्बेच्या पात्रात उघडा पडलेला 'भुकेचा दगड' पाहिला. नदी फार आटली तरच हे दगड दिसतात. त्यावर १६१६ हे साल कोरलेले आहे आणि जर्मनमध्ये एक ओळ आहे : मला पाहशील, तर रड. शिरूरच्या दादांचे म्हणणे वाचताना तो दगड आठवला. दुष्काळ म्हणजे केवळ बुशेल आणि डॉलर, अशी अवस्था या प्रदेशातही फार जुनी नाही. चारशे वर्षांपूर्वी इथलीही माणसे भुकेने मरत होती.

भीमापात्र

उजनीचे पाणी फार खाली गेले की पळसदेवचे बुडालेले जुने देऊळ असेच वर येते. लोक दर्शनाला आणि छायाचित्रे काढायला जातात. धरणाखालचा माणूस मात्र ते शिखर दिसले की उसाचे काय होणार, याची चिंता करतो.

शिरूरचा शेतकरी

एल्बेकाठच्या भाऊंनी लिहिलेले वाचून समाधान वाटले. त्या दगडाची ओळ मी आईला वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्यांच्याकडं लिहून ठिवलंय, आपल्याकडं ध्यानात ठिवलंय."

आता एक शंका. तिकडे एकरी किती झाडे ठेवतात? आमच्या हलक्या रानात बाजरी दाट झाली, की पावसाच्या पहिल्याच खंडात सगळी एकदम मान टाकते.

काळीमाती

तुमची शंका फार नेमकी आहे. १९६० च्या दशकात तिथे एकरी २०,००० पेक्षा कमी झाडे असत. आता ३०,००० च्या आसपास किंवा अधिक असतात. चांगल्या वर्षी यामुळेच उत्पादन वाढले. तरी केवळ दाटीला दोष देता येणार नाही. १९८८ च्या मोठ्या दुष्काळात देशाची सरासरी १२० वरून ८५ बुशेलवर आली होती. २०१२ च्या दुष्काळातही ती १२३ राहिली. म्हणजे आजच्या संकरित वाणांचे वाईट वर्ष जुन्या वाणांच्या चांगल्या वर्षापेक्षा सरस ठरले. तुरा आणि केस यांतील अंतर कमी असलेली झाडे पिढ्यानपिढ्या निवडल्याचे हे फळ आहे आणि त्या कामाचा एक बारीक धागा मीही विणला आहे, म्हणून आग्रहाने लिहितो.

मृद्गंध

इथे माझा आदरपूर्वक मतभेद आहे. दुष्काळातील उत्पादन वाढले हे खरे, पण चांगल्या वर्षाचे त्याहून वेगाने वाढले. म्हणून दोहोंतली दरी रुंदावली. डेव्हिड लोबेल आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासाने अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील मका कोरड्या हवेला पूर्वीपेक्षा अधिक संवेदनशील होत आहे, असे दाखवले आणि वाढत्या दाटीकडे बोट दाखवले. शेतकऱ्याचे कर्ज चांगल्या वर्षाच्या आकड्यावर उभे असते. त्यामुळे नुकसान १९८८ च्या उत्पादनाशी तुलून चालत नाही, अपेक्षेशी तुलावे लागते; १६६ च्या अपेक्षेवर १२३ म्हणजे चौथा हिस्सा गेला.

काळीमाती

अपेक्षेशी तुलना करावी, हे मान्य. दाटीचा मुद्दा खोल जमिनीत मला अजूनही पूर्ण पटत नाही, पण उथळ जमिनीत शिरूरचे दादा म्हणतात तेच घडते : वाटेकरी वाढले की तिजोरी लवकर रिकामी होते.

पर्जन्यमापक

मूळ प्रश्नाकडे येतो. मुठाकाठ यांनी वर्षाच्या पावसाची तुलना केली होती. त्याऐवजी 'जमिनीतली ठेव भागिले रोजचा खर्च' असा भागाकार केला, तर पाऊस थांबल्यावर पीक किती दिवस टिकेल याचा अंदाज येतो. मृद्गंध ताईंच्या आकड्यांनी, २५० भागिले ८ म्हणजे जेमतेम एक महिना. तोही मुळे तळापर्यंत पोचलेली आणि जमीन पूर्ण भरलेली असेल तर. २०१२ मध्ये कोरडेपणा त्याहून लांबला. १००० मिलिमीटरचा प्रदेश असूनही महिनाभराचीच शिदोरी, असे हे गणित आहे. नेब्रास्का राज्यात ज्यांनी भूजलातून पाणी दिले, त्यांचे पीक त्याच उन्हात बरेचसे उभे राहिले.

मुठाकाठ

मला उत्तर मिळाले. मुलीला सगळे वाचून दाखवले. तो शेतकरी अजून शेती करतो, असे ती म्हणाली. २०१३ मध्ये देशाची सरासरी पुन्हा १५८ वर गेली होती आणि त्या शरद ऋतूत त्याने तिला भरलेल्या कणसांची एक टोपली आणून दिली होती. हे तिने मला तेव्हा सांगितले नव्हते.

शिरूरचा शेतकरी

काल दोन्ही रानांत पहारीने खड्डे घेतले. माळाकडच्या तुकड्यात दोन फुटांच्या आतच मुरूम लागला. ओढ्याकाठच्या तुकड्यात चार फूट खणूनही काळीच माती निघत होती आणि तळाची माती मुठीत दाबल्यावर गोळा होत होती. मृद्गंध ताईंचा फुटाला ५० चा आकडा धरला, तर माळावर फार तर शंभर मिलिमीटर आणि बाजरीचा खर्च रोज पाच-सहा धरला, तरी सतरा-अठरा दिवसांत सगळे संपते. आमच्याकडे ऑगस्टमध्ये तीन आठवड्यांची उघडीप दर दोन-तीन वर्षांनी पडतेच. आजवर दोन्ही रानांत एकाच पाभरीने, एकाच अंतरावर पेरत आलो. यंदा मका ओढ्याकाठी नेतो आणि माळावर बाजरीचे बियाणे कमी करून दोन ओळींतले अंतर वाढवतो. ताई, तुमच्याकडे जमिनीतील ओल मोजण्याची पद्धत असेल, तर ती लिहून पाठवा. मृगाच्या आधी एकदा आणि बाजरी निसवताना एकदा मोजून इथे आकडे देईन.